पटाशीची जागा

प्रश्न विचारून डॉक्टरीणबाई थांबल्या होत्या आणि बाकावरच्या तिघांपैकी कुणीही तोंड उघडत नव्हतं. मांडीत घुसलेलं हत्यार कुणी उपसलं, एवढंच त्यांना हवं होतं. आवाजात आरोप नव्हता, फक्त कामाची घाई होती. तरी तो प्रश्न इस्पितळाच्या त्या हिरवट भिंतींच्या मार्गिकेत उभाच राहिला. अप्पा आपल्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते. धाकट्याने दोन्ही तळहात मांड्यांखाली दडपून धरले होते, छडीच्या भीतीने मुलं लपवतात तसे.

“आमच्याकडूनच निघालं,” दोघांच्या मध्ये बसलेली वहिनी अखेर म्हणाली. “सुतारकामाची पटाशी. पातं बोटभर रुंद, गंज अजिबात नाही. गाडीत त्यांनीच सांगितलं, वरून खाली, जराशी तिरकी, आतल्या बाजूला गेली होती. काढल्याबरोबर रक्त उसळलं. दाब दिला तो गाडी येईपर्यंत सोडला नाही. सकाळपासून त्यांच्या पोटात फक्त चहा आहे.”

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. त्यांना लागणारं सगळं मिळालं होतं. शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार त्यांच्यामागे झुलत झुलत मिटलं.

‘आमच्याकडून’ असं म्हणून वहिनीने जणू एक चादर उलगडली होती आणि तिचं टोक न बोलता धाकट्याच्याही अंगावर ओढलं होतं. पण चादरीखाली त्याची हुडहुडी थांबत नव्हती. पटाशी त्याने उपसली होती. आत थोरला भाऊ टेबलावर होता, आणि तो उठणार की नाही, उठला तर दोन पायांवर की एका, हे दाराच्या पलीकडे ठरत होतं.

त्यांचा कारखाना घराला पाठ लावून उभा होता. कारखाना म्हणायचं ते बापलेकांच्या अभिमानापोटी; खरं तर एक लांबट खोली, दोन बाक, एक शिकंजा आणि पायाखाली कायम कुरकुरणाऱ्या रंध्याच्या ढलप्या. चौकटी, कपाटं, खुर्च्या इथून घडून बाहेर पडत. अप्पांचे हात आता थरथरत, म्हणून ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून नजरेनेच रंधा मारत. कुठे उंचवटा राहिला असेल तर त्यांची भुवई आधी उचलली जाई.

त्या खोलीचा खरा धनी होती तिची भिंत. भिंतभर फळी ठोकलेली, फळीवर खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीखाली त्या त्या हत्याराची पांढऱ्या रंगाने काढलेली बाह्यरेषा. हत्यार काढलं की मागे त्याचा पांढरा रिकामा आकार उरे, कुणी नुकतंच उठून गेलेल्या बिछान्यासारखा. अप्पांचा नियम एकच होता: हत्यार हातात असेल, नाहीतर भिंतीवर, तिसरी जागा नाही. लहानपणी धाकटा एकदा पटाशी बाकावर उघडी टाकून जेवायला पळाला, तर अप्पांनी त्याला भरल्या ताटावरून उठवून परत धाडलं होतं. तेव्हापासून त्याचा हात आपोआप भिंतीकडे जाऊ लागला. त्यासाठी त्याला विचार करावा लागत नसे. पापणी मिटायला कुठे विचार लागतो?

या लाकडी घरात वहिनी आली ती पाण्यातून. शहराच्या तलावावर ती पोहायला शिकवायची. तिच्या खांद्यावर कायम एक ओलसर पिशवी, गळ्यात शिट्टी आणि केसांना क्लोरीनचा वास. तलावावर दर वर्षी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण व्हायचं आणि त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी त्याची उजळणी कारखान्याच्या फरशीवर. बेशुद्ध माणूस म्हणून बहुतेक वेळा अप्पांनाच आडवं व्हावं लागे. सूनबाई, जरा हळू, मी अजून जिवंत आहे, असं ते डोळे मिटून बजावत. रुतलेली वस्तू काढायची नाही, हेही वहिनीने याच फरशीवर सांगितलं होतं. ती बुचासारखी असते, आतलं आत धरून ठेवते. दोन्ही बाजूंनी आधार द्यायचा आणि तशीच दवाखान्यात न्यायची.

“म्हणजे दादाच्या डोक्यात रुतलेला हट्टपण नाही काढायचा?” धाकट्याने तेव्हा विचारलं होतं.

“तो तुझ्या वहिनीने केव्हाच उपसलाय,” दादा म्हणाला होता. “आता नुसतं भोक आहे.”

सगळे हसले होते. हसताना ऐकलेलं सगळं डोक्यात राहिलं, हातापर्यंत मात्र पोहोचलं नाही.

त्या सकाळी दादाला घाई होती. चौकटीच्या कोपऱ्याला बसवायचा लहानसा तुकडा शिकंज्यात पकडायचा आळस करून त्याने तो मांडीवर धरला आणि खाच पाडायला पटाशी लोटली. लाकूड फिरलं. दादा ओरडला नाही. “अरे,” एवढंच म्हणाला, जणू ओळखीचं कुणीतरी वाटेत भेटलं होतं. धाकट्याने वळून पाहिलं तर पटाशी भावाच्या मांडीत उभी होती. आणि मग त्याचा हात पुढे गेला.

त्यानंतरचं त्याला फुटक्या आरशासारखं तुकड्यातुकड्यांत दिसे. पात्यावरची लाल चकाकी. दादाच्या विजारीवर पसरत जाणारा गडद नकाशा. मग मध्येच एक कोरी जागा, जिथे काहीच नव्हतं. आणि त्या कोरेपणाच्या कडेला खांद्यावर पडलेला वहिनीचा हात.

“भाऊजी, इकडे. गुडघ्यांवर बसा.”

आवाज मोठा नव्हता. खोल पाण्यात पाय सुटलेल्या मुलाला काठावरून बोलावताना असतो तसा होता. त्यात भीतीला शिरायला फटच नव्हती. दोरीवरचा धुतलेला टॉवेल तिने घडी करून जखमेवर ठेवला, धाकट्याचे दोन्ही तळहात त्यावर एकावर एक बसवले आणि क्षणभर वरून स्वतःच्या हातांनी दाबून किती जोर हवा ते त्याच्या हाडांना कळवलं. कोपरं ताठ, अंगाचं वजन खाली, आणि मी सांगेपर्यंत उचलून बघायचं नाही.

मग ती मोकळी झाली आणि खोलीभर कामाला लागली. रुग्णवाहिकेला फोन लावून पत्ता, वळण आणि दाराचा रंग सांगितला. अप्पा जागच्या जागी कापत उभे होते. त्यांना फाटक उघडून रस्त्यावर उभं राहायला आणि गाडीला हात करायला पाठवलं. त्या कामासरशी म्हाताऱ्याचे पाय पुन्हा त्याचे झाले. दादाला आडवं केलं, घोंगडी पांघरली. पहिला टॉवेल भिजला तेव्हा तो न काढता त्यावरच दुसरा चढवला. दादाने पाणी मागितलं. तिने ओठांना ओलं फडकं लावलं आणि आत्ता का प्यायचं नाही तेही सांगितलं. करण्याआधी ती प्रत्येक गोष्ट त्याला सांगत होती, खोटा धीर कशाचाच देत नव्हती. “अहो, डोळे माझ्याकडे. गाडी निघालीय. मी इथेच आहे, आणि तुमचा भाऊ तुमच्यावर सगळं वजन टाकून बसलाय.”

“जन्मभर डोक्यावर बसला,” दादा पांढऱ्या ओठांनी पुटपुटला, “आज मांडीवर.”

गाडी आली, स्ट्रेचर आलं. गाडीतल्या माणसाने बाजूला व्हायला सांगितलं तेव्हा धाकट्याची बोटं उलगडेनात. वहिनीने ती एकेक करून सोडवली. निघता निघता तिने त्याला हात धुवून शर्ट बदलायला आणि अप्पांना घेऊन मागून यायला सांगितलं. आधी हात धुवायचे, हे तिने दोनदा सांगितलं.

आता ते धुतलेले हात मांड्यांखाली होते आणि दार पुन्हा उघडत होतं. फुटलेली रक्तवाहिनी शिवली गेली, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जीव वाचला, पाय राहील. एक स्नायू कापला गेलाय. चाल पहिल्यासारखी होईल का, ते आज सांगता येणार नाही. अप्पा ओंजळीत तोंड घालून रडू लागले. वहिनीने त्यांना गप्प राहायला सांगितलं नाही. नुसती सरकून इतकी जवळ बसली की त्यांच्या थरथरीला टेकायला खांदा मिळाला. तिचेही डोळे भरले होते, पण हात अप्पांच्या पाठीवर होता आणि प्रश्न डॉक्टरीणबाईंना: शुद्धीवर कधी येतील, आत कोण थांबू शकेल, घरून काय आणायचं.

घरून कपडे आणायला धाकटा निघाला. घराच्या दारातून शिरण्याऐवजी त्याची पावलं सवयीने कारखान्यातून आत गेली. फरशीवर डाग होता, बाजूला लोळलेलं घोंगडं, ढलप्यांचे लालसर गुच्छ. हे सगळं त्याने मनात धरलंच होतं. जे धरलं नव्हतं ते समोरच्या भिंतीवर होतं.

पटाशी तिच्या जागी टांगलेली होती. पांढऱ्या रेषेत नेमकी, केसभरही इकडेतिकडे नाही. पातं लख्ख पुसलेलं. फक्त मुठीच्या कड्याशी रक्ताचा एक काळपट धागा राहून गेला होता.

ती कोरी जागा मग भरून आली. रक्त उसळत असताना तो भावाकडे पाठ करून भिंतीपाशी गेला होता. पातं विजारीला पुसून, खुंटी शोधून, हत्यार त्याने जागच्या जागी लावलं होतं. दादाचं आयुष्य फरशीवर सांडत होतं आणि त्याचा हात शिस्त पाळत होता.

त्या दिवसानंतर धाकटा कारखान्यात गेला नाही. इस्पितळात जायचा तो पलंगाच्या पायाशी उभा राहून यायचा. दादाने बसायला सांगितलं की त्याला काहीतरी काम आठवायचं. सगळ्यात जास्त छळ मांडला तो कौतुकाने. फर्निचरला पॉलिश करायला येणारा त्यांचा जुना दोस्त गल्लीभर सांगत सुटला होता की भावाने असा दाबून धरला की यमालाही हात घालायला जागा मिळाली नाही. येताजाता माणसं पाठीवर थाप मारत आणि प्रत्येक थाप त्याला पोटात लागे. अप्पा म्हणत, झालं ते झालं, विसर आता. विसरलं होतं तेच तर त्याला आता दिसत होतं. जेवताना घास तोंडाशी नेला की हाताकडे लक्ष जाई आणि घास परत ताटात येई. शेवटी त्याने एका गोदामात माल उतरवायचं काम बघून ठेवलं आणि वहिनीला सांगितलं की सुतारकी सुटली, दादासाठी दुसरा जोडीदार शोधा.

वहिनीने हातातलं काम सोडलं नाही. मागच्या पायऱ्यांवर ती तलावावरचे टॉवेल पिळायला बसली होती. तिने एक त्याच्याकडे फेकला. बोलायचं असेल तर बोला, नसेल तर हा पिळा, म्हणाली. तो पिळत बसला. दुसऱ्या दिवशीही बसला. ती चहाचा कप ठेवायची, तलावावरच्या घाबरट मुलांचे किस्से सांगायची, मध्येच गप्प व्हायची, आणि तिच्या त्या गप्प बसण्यात कसलीही वाट पाहणं नसे. म्हणूनच बहुधा एका दुपारी, टॉवेलातलं पाणी कधीच संपलं होतं तरी पिळत राहून, त्याने सांगून टाकलं. उपसल्याचं, पुसल्याचं, टांगल्याचं.

“मला माहीत आहे,” वहिनी म्हणाली. “मी दारातून आत आले तेव्हा तुमची पाठ होती माझ्याकडे. तुम्ही पटाशी खुंटीला लावत होता.”

धाकट्याने पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. इतके दिवस जे त्याने छातीशी लपवलं होतं ते हिने त्याच्याही आधीपासून जपून ठेवलं होतं. आता ती म्हणणार की तुमची चूक नव्हती, आणि मग तिच्यावरचाही विश्वास उडणार, या भीतीने तो आकसला.

“चूक झाली,” ती म्हणाली. “नव्हती असं मी म्हणणार नाही, तुम्हाला पटायचंही नाही. पण ती तुमच्या हाताची होती. हाताला अप्पांनी जे शिकवलं तेच त्याने केलं. मी जे शिकवलं ते नुसतं तोंडाने शिकवलं, तुम्ही कानाने ऐकलंत, आणि आपण सगळे हसलो. पोहणं असं शिकवलं असतं तर माझी सगळी पोरं तळाला गेली असती.” टॉवेल झटकून तिने दोरीवर टाकला. “उद्या सकाळी कारखान्यात या. कामाला नाही. नुसते या.”

सकाळी तो आला तेव्हा उंबऱ्याशीच थबकला. अप्पा काचकागद घेऊन भिंतीवरच्या पांढऱ्या रेषा घासत होते. एक करवत अर्धी पुसलीही गेली होती. नियमानेच पोराला खाल्लं, असं काहीसं ते स्वतःशी बोलत होते. वहिनीने त्यांच्या हातातून काचकागद घेतला. रेषांनी काही वाईट केलेलं नाही, म्हणाली. त्यांच्यामुळेच इतकी वर्षं या घरात कुणाचं बोट तुटलं नाही. एक जागा काढायची राहून गेली होती, एवढंच. आणि तिने पिशवीतून प्रथमोपचाराची पेटी काढून दाराजवळच्या खुंटीला लावली. तिची रेषा तुम्हीच काढा. अप्पांनी ब्रश घेतला. थरथरत्या हाताची ती रेषा बाकीच्यांपेक्षा वाकडी आली, आणि म्हणूनच दारातून शिरणाऱ्याची नजर आधी तिच्यावरच जाऊ लागली.

मग वहिनीने जुन्या खुर्चीची उशी बाकावर ठेवली, भिंतीवरून पटाशी काढली आणि उशीत खचकन रोवली.

“भाऊजी, धरा.”

पटाशी बघूनच त्याच्या ओठावर घाम आला. श्वास वर वर होऊ लागला. ती घाई करेना. पाय जमिनीला टेकलेत का बघा, म्हणाली. खाली ढलप्या आहेत, त्यांचा आवाज ऐका. श्वास सावकाश बाहेर सोडा. तलावाच्या काठावर बसलेल्या मुलाला देतात तेवढा वेळ तिने त्याला दिला. मग त्याचा हात पुढे झाला आणि बोटं मुठीवर आवळली. उपसण्याची ती ओढ दंडातून वर चढताना त्याला स्पष्ट जाणवली. इतकी वर्षं दंडात राहत असून तिची आणि त्याची ही पहिलीच ओळख होती.

“बघा, इथे,” वहिनी म्हणाली. “इथेच थांबवायचंय तिला.”

तिने मूठ सोडायला लावली, कापडाच्या दोन गुंडाळ्या दिल्या. त्या पात्याच्या दोन्ही अंगांना ठेवायच्या, वरून पट्टीने बांधायच्या, पटाशी हलू द्यायची नाही. पहिल्यांदा ती कलंडली. दुसऱ्यांदा पट्टी सैल राहिली. अप्पांची भुवई उंचावली तसा धाकटा नकळत हसला, आणि कित्येक दिवसांनी स्वतःचं हसणं ऐकून दचकला. दुपारपर्यंत उशी भोकांनी चाळण झाली आणि हाताला एक नवी वाट सापडली. त्या दिवशी तो गोदामाकडे फिरकला नाही, पण रंध्यालाही शिवला नाही.

दादा घरी आला तो कुबडीवर. आल्या आल्या कारखान्यात घेऊन चल म्हणाला, बाकावर टेकला, आणि भोकांची उशी बघून हिला काय गोवर आलाय का, असं विचारता झाला. धाकट्याने तिथेच, उभ्या उभ्या, सगळं सांगितलं. दादा ऐकत राहिला. मग जखमेवर हात ठेवून म्हणाला, “मी बघत होतो की. तू पातं पुसायला लागलास तेव्हा मला वाटलं, हा आता तेल लावल्याशिवाय काही माझ्याकडे वळत नाही.”

कुणालाच कळेना हसावं की काय करावं. शेवटी अप्पाच हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

“आणि शिकंजा काय शोभेला ठेवलाय का?” वहिनी नवऱ्याला म्हणाली. “मांडी म्हणजे बाक नव्हे.” दादाने मान खाली घातली. तेवढ्या खाली घातलेल्या मानेत त्याने आपला वाटा उचलून घेतला, हे धाकट्याला कळलं.

दादाचा पाय पुढेही जरासा ओढतच राहिला. त्या ओढल्या पायाचा ढलप्यांवरचा आवाज धाकट्याला रोज ऐकावा लागणार होता, आणि तो त्याने ऐकायचं ठरवलं. अडलेली चौकट त्याने हातात घेतली. पटाशीला धार लावली, तुकडा शिकंज्यात घट्ट आवळला, आणि पहिली खाच पाडताना पातं रेषेवरून ढळलं नाही.

अशाच एका सकाळी वहिनी तलावावर निघाली होती. गळ्यात शिट्टी, खांद्यावर पिशवी. दाराशी थांबून पेटीतलं कापसाचं पुडकं भरून ठेवत होती. धाकट्याने पटाशी भिंतीवर लावली आणि मागे वळला.

“वहिनी, एक विचारू? दाबायचं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. तुमचा स्वतःचा नवरा होता तो. आणि मी काय करत होतो ते तुम्ही नुकतंच पाहिलं होतं. तरी माझेच हात का ठेवलेत त्याच्यावर?”

वहिनीने पेटीचं झाकण लावलं, ते नीट बसलं का ते अंगठ्याने दाबून पाहिलं. धाकट्याच्या हातांकडे तिची नजर गेली. लाकडाच्या पिवळसर भुकटीने ते मनगटापर्यंत माखले होते. “त्या दिवशी बुडणारे दोघं होते, भाऊजी,” म्हणत तिने पिशवी खांद्यावर सारखी केली आणि गल्लीत उतरून ती तलावाच्या दिशेने चालू लागली.